तीन मजल्यांची शाकारणी

शाकारणी कौलारू घराची करतात, हे मलाही ठाऊक आहे. पावसाआधी एक माणूस आढ्यावर चढतो, फुटकी कौलं बदलतो, सरकलेली नीट बसवतो आणि खाली उभे असलेले सगळे त्याला चुका सांगतात. पण शहापुरात आसनगावच्या रस्त्याला लागून असलेल्या आमच्या शॉपिंग सेंटरला औषधालाही कौल नव्हतं. तळमजला, वर दोन मजले, सिमेंटचा स्लॅब आणि समोरून काचा. तरी दर वर्षी उन्हाळा उतरणीला लागला की इमारतीची मालकीण सगळ्या भाडेकरूंना निरोप धाडायची, "उद्या शाकारणी हाय. दुकानं उशिरा उघडा."

मालकीण म्हणजे आत्या. ती माझी कुणी लागत नव्हती. तळमजल्यावरचा मोबाइल दुरुस्तीवाला तिचा भाचा होता, तो आत्या म्हणायचा, म्हणून पहिल्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर म्हणायचे, दुसऱ्या मजल्यावरचे वकीलसाहेब म्हणायचे आणि डॉक्टरांच्या शेजारी चष्म्याचं दुकान टाकल्यावर मीही म्हणायला लागले. आत्या उंचीला बेताची, अंगानं काटकुळी, आणि आवाज मात्र थेट आसनगाव स्टेशनपर्यंत पोचेल असा. माहेर धसईकडचं, सासर इथलंच. जिथे इमारत उभी होती तिथे पूर्वी तिचं भाताचं शेत होतं. थोडं रस्त्यात गेलं, उरलेल्यावर मुलानं गाळे बांधले. आत्या मागच्या बाजूच्या दोन खोल्यांत एकटी राहायची आणि इमारतीकडे बघायची ती शेताकडे बघावं तशीच, म्हणजे रोज एक फेरी आणि रोज एक तक्रार.

तिला जाऊन आता काही पावसाळे झाले. पण हवामान खात्याचा इशारा फोनवर वाजला की मला अजून तिचाच आवाज आधी ऐकू येतो.

आत्याचं वादळाबद्दल एक शास्त्र होतं. "वाऱ्याला कान दावायचा नाय," ती सांगायची. "कान दिसला की तो धरतो, आन कान धरला की डोकं मागोमाग येतंच." कान म्हणजे इमारतीच्या अंगाबाहेर आलेली कुठलीही वस्तू. दुकानांचे बोर्ड हे कान. फ्लेक्स हे कान. एसीचे बाहेरचे डबे, कुंड्या, डॉक्टरांनी साखळीला टांगलेली फायबरची मोठी दाढ, भाच्यानं दारात उभी केलेली हातात फोन धरलेल्या बाईची पुठ्ठ्याची आकृती, हे सगळे कान. शाकारणीच्या दिवशी आत्या आंबे काढायची लांब आकडी घेऊन इमारतीभोवती फिरायची. जे दिसेल त्याला आकडी अडकवायची आणि ओढायची. हललं तर उतरवायचं. नाही हललं तर पुन्हा ओढायचं, जोरात. एवढी ओढाताण झाल्यावर काय हलणार नाही? बोर्ड नुसते जाग्यावरून हलले नाहीत, तर एकदा भाच्याच्या बोर्डाचं एक अक्षर आकडीबरोबर थेट खाली आलं. आत्या म्हणाली, "बघ, वाऱ्यानं काढलं असतं तर कुनाच्या तरी डोक्यात गेलं असतं." ते डोक्यातच जाणार होतं, तिच्या, दोन बोटांनी हुकलं.

उतरवलेले कान जिन्याखाली जायचे. ती पुठ्ठ्याची बाईही तिथेच जायची. तिच्या डोक्यावर मात्र आत्या गोणपाटाची खोळ घालायची. का, असं विचारलं तर म्हणायची, "छत गळतं तिथं. भिजंल बिचारी."

मी दुकान उघडलं तेव्हा मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्याआधी बरीच वर्षं मी कल्याणला दुसऱ्याच्या चष्म्याच्या दुकानात नोकरी केली होती. स्वतःचं दुकान म्हणजे माझ्यासाठी आधी बोर्ड होता, दुकान नंतर. मोठा चष्मा, आतून दिवे, संध्याकाळी लागला की समोरच्या चहाच्या टपरीवरून सुरेख दिसायचा. मी मुद्दाम तिथे चहा प्यायला जायचे. टपरीवाल्याला वाटायचं, त्याचा चहा मला फार आवडतो. चहा भिकार होता.

आणि दुकानाची नवलाई ओसरायच्या आत आत्या आकडी घेऊन माझ्या बोर्डाखाली उभी राहिली.

मी तावातावानं खाली आले. "आत्या, बोर्ड काढला तर गिऱ्हाईक मला शोधणार कसं?"

"तुझ्याकडं येतो कोन?"

"ज्यांना नीट दिसत नाही ते."

"मंग त्यांना बोर्ड दिसनार हाय काय?"

दुसऱ्या मजल्यावर वकीलसाहेब होते, ते खिडकीतून ऐकत होते. त्यांनी खिडकी लावून घेतली. असं उत्तर त्यांना उभ्या जन्मात सुचलं नसतं. मी म्हटलं, "त्यांना कुणीतरी घेऊन येतं ना. त्या माणसाला दिसतं."

"त्याला मी सांगीन," आत्या म्हणाली आणि तिनं आकडी ओढली.

आणि तिनं खरंच सांगितलं. सगळे बोर्ड उतरले की आमची इमारत मुंज झालेल्या पोरासारखी बोडकी दिसायची. कुठलं दुकान कुठे, काही पत्ता लागायचा नाही. मग आत्या जिन्याच्या तोंडाशी प्लास्टिकची खुर्ची टाकून बसायची आणि येणाऱ्याला वाट दाखवायची. "दात पहिल्या मजल्याव, उजव्या हाताला. चष्मा डाव्या हाताला. कोर्टाचं काम त्याच्या वर. फोन हितंच, पन तो आता जेवतो." पावसाळाभर तालुक्यातला माणूस तिला विचारल्याशिवाय जिना चढू शकत नव्हता. लोकांना चार महिने तिला विचारावं लागायचं, आणि त्या चार महिन्यांवर आत्या उरलेले आठ महिने काढायची, हे माझं स्पष्ट मत आहे.

अडचण एवढीच होती, की माणूस काय विचारतो यापेक्षा त्याला काय हवं आहे हे आत्या ठरवायची. एक गृहस्थ फोनची काच बदलायला आले होते. त्यांनी भाच्याचा पत्ता विचारताना फोनवरचा मेसेज हात लांब करून वाचला. आत्यानं त्यांना भाच्याकडे जाऊच दिलं नाही. "फोन चांगला हाय तुमचा. वर जा. डोळं दाखवा." गृहस्थ रागारागानं वर आले आणि चष्मा घेऊन गेले. माझा फायदा झाला, मी काही बोलले नाही. भाचा दोन दिवस माझ्याशी बोलत नव्हता. पण एकदा भांडत आलेलं एक तरणं जोडपं वकीलसाहेबांचं ऑफिस विचारायला लागलं, तर आत्यानं त्यांना सांगितलं की वकील वारले.

वकीलसाहेब तेव्हा वरच्या गॅलरीत सिगरेट ओढत होते.

"आत्या, मी जिवंत आहे," ते वरून ओरडले.

"दिसतंय," आत्या मान वर न करता म्हणाली. "पन त्या दोगांनी जेवून तरी यावं ना. उपाशीपोटी कुनी सह्या करतं काय?" जोडपं जेवायला गेलं, आणि जेवून परत आलं, आणि सह्या केल्या. आत्याला वाईट वाटलं, पण जेवून तरी केल्या यावर तिनं समाधान मानलं.

आता तिच्या शाकारणीतलं सगळंच वेडगळ होतं असं मी म्हणणार नाही. गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या ती वादळाच्या आधी काठोकाठ भरून घ्यायची, कारण रिकामी टाकी उडते आणि भरलेली बसून राहते. गच्चीचे पन्हळ ती स्वतः हात घालून साफ करायची. इमारतीवर झुकलेली सुबाभळीची फांदी तिनं तोडून घेतली ती बरी झाली. हे सगळं शहाण्या माणसानंही करावं असंच होतं. पण शहाणपण जिथे थांबायचं तिथून आत्या पुढे निघायची. गच्चीवर वकीलसाहेबांच्या जुन्या कपाटांसाठी पत्र्याची शेड होती. तिच्यावरून तिनं पेंढ्याच्या उडवीवर टाकतात तसे सुंभाचे दोर टाकले आणि दोन्ही टोकांना धोंडे बांधून समोर आणि मागे लोंबते सोडले. उडवीचे धोंडे जमिनीपासून वीतभर वर असतात. आमचे समोरचे दुसऱ्या मजल्यावर, वकीलसाहेबांच्या खिडकीसमोर हलायचे. एसीच्या डब्यांना तिनं बैलाला बांधतात तशी दावी बांधली. आणि काचांसाठी तिनं उंबरमाळीकडच्या वाडीवरून कारवीचे कूड मागवले.

कूड म्हणजे कारवीच्या काठ्यांची विणलेली, शेणामातीनं सारवलेली भिंत. डोंगरातल्या वाड्यांवर घरांना असायची. ती आणणारी माणसं टेम्पोतून उतरली आणि आमच्या काचांकडे बघून हसायला लागली. त्यांच्यातली एक म्हातारी आत्याच्या ओळखीची होती. ती म्हणाली, "बाय, आमी कूड काढून पत्रं लावलं. आन तुमी काचा झाकून कूड लावताव?"

"तुमच्या पत्र्याला कान हायत," आत्या म्हणाली.

"मंग आमच्या घराव पन दोर टाका की."

"टाकीन. पैलं हितलं होऊ दे."

कूड लागले. माझ्या दुकानात विलायती फ्रेमा मांडलेल्या आणि बाहेरून शेणाचा वास. कुणीतरी इमारतीचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला, की शहापुरात अस्सल गावरान ढाबा उघडला आहे. नाशिककडे जाणाऱ्या मोटारी वाट वाकडी करून यायला लागल्या. माणसं उतरून आत्याला विचारायची, चुलीवरचं मटण मिळेल का. आत्या त्यांना नीट निरखायची आणि म्हणायची, "दात बरं हायत ना? मंग पुढं खर्डीला जा. दुखत असले तर वर या." त्या दिवसांत डॉक्टरांकडे नाशिकचे दोन पेशंट वाढले.

एका वर्षी मात्र तिच्या शास्त्रानं आम्हाला खड्ड्यात घातलं. तिनं फर्मान काढलं, की वादळ आलं तर समोरासमोरची दारं-खिडक्या उघड्या ठेवा. "वाऱ्याला वाट दिली की तो पाव्हण्यासारखा आत येतो आन मागल्या दारानं जातो. वाट अडवली की भिंत पाडतो." आम्ही ऐकलं, कारण नाही ऐकलं तर ती स्वतः येऊन उघडायची. वळवाचा एक सोसाट्याचा वारा आला, पाहुण्यासारखा आत शिरला आणि वकीलसाहेबांचे सगळे कागद घेऊन मागच्या खिडकीनं गेला. पुढे कितीतरी दिवस लोक कागद आणून देत होते. कुणाला काकडीच्या मांडवात सापडला, कुणाला विटांच्या भट्टीवर. आणून देणारा तो आधी वाचायचा, हे ओघानं आलंच. त्या वर्षी कुणाची जमीन कुणाला जाते आहे हे विकणाऱ्याच्या बायकोच्या आधी तालुक्याला कळलं. वकीलसाहेब रिकामी फाइल घेऊन आत्यासमोर उभे राहिले. आत्या शांतपणे म्हणाली, "पाव्हना व्हता. समोर दिसंल ते उचलनारच. कागद कपाटात ठिवायचं."

माझा राग मात्र वाढत होता तो दुसऱ्याच कारणानं. शाकारणी दर वर्षी थोडी थोडी लवकर यायला लागली. पहिल्या वर्षी ती मृगाच्या तोंडावर झाली होती. मग वैशाखाच्या शेवटाला आली. मग अक्षय तृतीयेला. एका वर्षी होळीची राख निवली नव्हती तर आत्या आकडी घेऊन हजर. आणि बोर्ड परत लावायचा दिवस दुसऱ्या टोकाला सरकत होता. नारळी पौर्णिमेला लावायचे ते गणपतीनंतर, मग दसऱ्याला, मग दिवाळीला. "परतीचा वारा लय वंगाळ," ती म्हणायची. म्हणजे माझा तो दिव्यांचा चष्मा वर्षातून हिवाळ्यापुरता दिसायचा, स्वेटरसारखा. दुकान बसलं असतं तर मला पुन्हा कल्याणला दुसऱ्याच्या काउंटरमागे उभं राहावं लागलं असतं, आणि हे मी तिला दर वर्षी ओरडून सांगायचे. दुकान बसलं नाही, कारण ती निम्म्या तालुक्याला वर पाठवत होती, आणि हे मी तिला कधीच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर शाकारणी संक्रांतीला आली असती.

एका हिवाळ्यात, बोर्ड वर असताना, मी तिच्याजवळ खाली उभी होते. खुर्ची तीच, आत्या तीच, आणि माणसं तिच्या डोक्यावरून वर बघत बोर्ड वाचत जिना चढत होती. एक जण आला. आत्या लगेच म्हणाली, "दात पहिल्या मजल्याव." तो म्हणाला, "माहिती आहे," आणि गेला. आत्या माझ्याकडे न बघता म्हणाली, "आमच्या शेताला बांध व्हता ना गो हितं, त्या बांधाव सगली यायची. रोपांसाठी राब कवा भाजायचा, इचारायला. भात कवा पेरायचा, आवणाची रोपं कवा काढायची. तुज्या सासऱ्याच्या वयाची मानसं इचारायची मला." मी म्हटलं, "आता काय विचारतात?" ती म्हणाली, "आता टाइम पन नाय इचारत. फोनात असतो."

मला त्या दिवशी तिची दया आली असं नाही. दया करावी अशी ती बाईच नव्हती. पण होळीला आकडी घेऊन आली तेव्हा मी आपणहून स्टूल आणून दिलं आणि तोंडानं भांडत राहिले.

मग तिच्या मुलानं इमारतीचं एलिवेशन करायला काढलं. मुलगा ठाण्याला मोठ्या नोकरीत होता, रविवारी गाडी घेऊन यायचा, आईच्या पाया पडायचा आणि इमारतीकडे बघून सुस्कारा सोडायचा. लोंबते धोंडे आणि शेणाचे कूड बघून कुणीही सोडला असता. त्यानं ठाण्याहून ठेकेदार आणला. सगळ्या दर्शनी भागाला चकचकीत करडे पत्रे, त्यातच सगळ्यांचे बोर्ड एका मापात, आत बसवलेले. बाहेर काही डोकावत नाही, काही लोंबत नाही. एसीचे डबे जाळीच्या मागे. ठेकेदार म्हणाला, कितीही मोठं वादळ येऊ द्या, याला काही होत नाही. आम्ही भाडेकरू खूश झालो. माझा चष्मा आता बारा महिने दिसणार होता, मी तर पेढे वाटले.

काम पुरं झालं त्या दिवशी आत्या आकडी घेऊन आली. एक चक्कर मारली. आकडी कुठे अडकेना. गुळगुळीत पत्र्यावरून ती नुसती घसरायची. माझ्या बोर्डाखाली आली, टोचून बघितलं, फटीत घालून बघितलं. ठेकेदार हसत म्हणाला, "आजी, कान ठेवलाच नाही कुठे." तिचं शास्त्र त्याला भाच्यानं सांगितलं असणार. आत्यानं आकडी खाली घेतली. तिला कुणी इतक्या सहज हरवलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. ती म्हणाली, "चांगलं केलंत," आणि मागं घरात गेली.

त्या वर्षी शाकारणी झाली नाही. होळी गेली, अक्षय तृतीया गेली. आत्या जिन्याशी येईनाशी झाली. खुर्ची काही दिवस तशीच होती, मग तिच्यावर भाच्याची गिऱ्हाइकं बसायला लागली. मी एकदोनदा मागे जाऊन हाक मारली तर म्हणायची, "हितं काय काम हाय माजं? सगलं लिवलेलं हाय वर." जेवणही कमी झालं होतं. भाचा म्हणाला, डॉक्टरला दाखवू. मी म्हटलं, कुठल्या? तिला काय झालंय ते आपल्याला माहीत आहे. तिला विचारणारं कुणी नाही. त्याला पटलं, पण त्यावर औषध काय, ते आम्हा दोघांनाही सुचलं नाही.

आणि मग ते वादळ आलं. इशारे आदल्या दिवसापासून सगळ्यांच्या फोनवर वाजत होते. मुलानं फोन करून आईला सांगितलं, काही करू नकोस, घरात बस. दुपारी आभाळ काळवंडलं आणि वारा असा सुटला की शेजारच्या गोदामाचे पत्रे पापडासारखे उडत रस्त्यापलीकडे गेले. मुरबाडच्या रस्त्यावर झाडं आडवी झाली. समोरच्या चहाच्या टपरीचं छप्पर गेलं. टपरीवाला टेबलाखाली होता म्हणून वाचला. आम्ही सगळे डॉक्टरांच्या दवाखान्यात दाटीवाटीनं बसलो होतो. आत्याला भाच्यानं ओढत वर आणलं होतं. ती दातांच्या खुर्चीत आडवी पडून छताकडे कान देऊन होती. प्रत्येक धडाक्याला ती विचारायची, "आपलं गेलं काय?" डॉक्टर म्हणायचे, "नाही आत्या, घाबरू नका." पण ती घाबरलीच नव्हती. तो प्रश्न भीतीचा नव्हता, आशेचा होता, हे मला आवाजावरून कळत होतं.

सकाळी लख्ख ऊन पडलं. आत्या आकडी घेऊन इमारतीभोवती फिरली. एक पत्रा हलला नव्हता. एक स्क्रू सैल झाला नव्हता. तिनं दोन फेऱ्या मारल्या, तिसरी मारली. आजूबाजूला सगळ्यांचं काही ना काही गेलं होतं, आणि स्वतःची इमारत धडधाकट बघून एवढा पडलेला चेहरा मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही. ती कुणाशी न बोलता घरात गेली आणि दार लावून घेतलं.

मला फार वाईट वाटलं. आणि वाईट वाटलं की मला राग येतो. इतक्या वर्षांत त्या बाईनं माझा बोर्ड किती वेळा उतरवला, आणि आता उतरवायला कुणी नाही म्हणून मी हळहळते आहे, हे काय आहे?

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांच्या आधी आले आणि माझ्या बोर्डाला शिडी लावली. चष्म्याचे स्क्रू काढायचा माझा पेचकस करंगळीएवढा, त्यानं बोर्डाचा स्क्रू म्हणजे मुंगीनं ऊस ओढण्यातला प्रकार. तेवढ्यात भाचा दुकान उघडायला आला. मी त्याच्याकडे मोठा पेचकस मागितला.

"कशाला?"

"स्क्रू ढिला आहे."

"कोनाचा?" त्यानं विचारलं. मग वर बोर्डाकडे बघितलं, मागे आत्याच्या बंद दाराकडे बघितलं आणि पेचकस घेऊन स्वतःच शिडी धरायला आला. आम्ही दोघांनी मिळून बोर्ड उतरवला. त्यानं दिव्याच्या उघड्या वायरी गुंडाळून वर टेप लावली, कारण कामाची सवय. बोर्ड मी चादरीत गुंडाळून काउंटरमागे उभा केला आणि आत्याचं दार वाजवलं.

"आत्या, माझा बोर्ड गेला वाऱ्यानं."

ती दारात आली. "कवा?"

"काल. म्हणजे परवा. आता लक्षात आलं."

ती आकडी न घेताच आली. बोर्डाच्या रिकाम्या चौकोनाखाली उभी राहिली आणि कपाळावर हात धरून वर बघितलं. मी तिला कितीदा म्हटलं होतं, मोफत डोळे तपासून देते, तर म्हणायची, मला सगळं दिसतं. तिला खरोखरच सगळं दिसत होतं. ती बराच वेळ बघत होती.

"चारी स्क्रू काढले," ती म्हणाली. "वायर गुंडाळली. वर टेप पन लावली." मग माझ्याकडे वळली आणि माझ्या बाहीला चिकटलेला चादरीचा दोरा झटकला. "वारा शिकलेला दिसतो गो."

भाचा लगबगीनं दुकानात शिरला. मी म्हटलं, "हो आत्या."

ती जिन्याशी गेली. खुर्चीवर भाच्याचं एक गिऱ्हाईक बसलं होतं, त्याला तिनं उठवलं, पदरानं खुर्ची पुसली आणि बसली. मी जिना चढायला लागले. चार पायऱ्या चढले असेन, तर खालून तिचा आवाज आला, तो पूर्वीचा, आसनगावपर्यंत जाणारा.

"चादरीत ठेवलास तो नीट ठेव. दिवालीला लावायचा हाय."